खिडकीवरची शीट

सबमिशनचा शेवटचा दिवस आणि माझी मशीन ड्रॉइंगची शीट कोरी. आज सही मिळाली नाही तर परीक्षेला बसता येणार नाही. म्हणून सकाळीच वैजनाथची शीट होस्टेलच्या खिडकीच्या काचेवर चिकटवली आणि तिच्यावर माझी लावली. बाहेरून ऊन येत होतं, खालच्या सगळ्या रेघा लख्ख दिसत होत्या. मी नुसता गिरवत सुटलो.

"नीट बघ रे," वैजनाथ पलंगावरून म्हणाला. "मागच्या वेळी माझं नावपण गिरवलं होतंस."

दुपारी कुलथे सरांनी शीट उलगडली. मग बेअरिंगच्या शेजारी पेनाचं टोक टेकवलं.

"हा कोणता पार्ट?"

मी वाकून बघितलं. एक बारीक देठ, त्याला लांब शेपटीचं पान. खिडकीबाहेरच्या पिंपळाला नुकतीच पालवी फुटली होती, आणि तिची सावली मी इमानदारीत गिरवली होती. माझे कान तापले.

"सर, पान आहे."

"ते दिसतंय. बेअरिंग तरी समजलंय का?"

मी भडाभडा सगळं सांगितलं. ते खरंच येत होतं मला, काढायलाच वेळ मिळाला नव्हता. सरांनी खोडरबर माझ्याकडे सरकवला आणि खाली सही ठोकली.

"त्या खिडकीत आम्ही जानेवारीतच उरकायचो," शीट गुंडाळत ते म्हणाले. "पालवी फुटली की पंचाईत होते."