न लागलेला ठसका

"मॅडम, पाणीपुरी केवढ्याची?"

रिंकूनं पैज लावली होती म्हणून प्रेरणानं विचारलं. अल्लीपूरच्या बसस्टँडवर उभ्या असलेल्या पांढऱ्या व्हॅनच्या मागच्या दारात वाट्या मांडल्या होत्या. एकीत दही, एकीत गिचका भात आणि एकीत चक्क हिरवंगार पाणी. मागे सायकलींवर रिंकू आणि आणखी दोघी ओढणीत तोंड खुपसून हसत होत्या.

व्हॅनमधल्या बाईंनी मान वर केली. "फुकट आहे. पण आधी नाकात नळी घालावी लागते."

हसणं थांबलं.

बाईंचं नाव ज्योत्स्ना. बोलण्याच्या आणि गिळण्याच्या त्रासाच्या तज्ज्ञ. दवाखान्यातली नोकरी सोडून महिन्यापूर्वी त्यांनी ही गाडी काढली होती. सिंदी मेघेहून निघायचं, रोज एक गाव. नळीच्या टोकाला बारीक कॅमेरा. माणूस गिळतो तेव्हा घास नेमका कुठं जातो, ते पडद्यावर दिसतं; पाणी उठून दिसावं म्हणून त्यात हिरवा रंग. काल केळझरला दिवसभर एकही जण खुर्चीत बसला नव्हता. नाकात नळी म्हटलं की लोक आल्या पावली परत जायचे.

"लकवा झालेल्या माणसाले चालते का?" प्रेरणानं विचारलं. हे पैजेत नव्हतं.

तिचे आबाजी, म्हणजे आजोबा तानबा, फेब्रुवारीत लकव्यानं पडले. तेव्हापासून आईच्या चमच्यानं पाणी घेतलं की दुसऱ्याच घोटाला ठसका. डोळे पांढरे. आई घाबरून थांबायची. प्रेरणाच्या हातानं मात्र कधीच ठसका नाही. आबाजी जन्मभर पाण्याच्या गडव्याला तोंड न लावता वरून धार घेत आलेले. चमचा त्यांना लेकराचा वाटे. प्रेरणा त्यांची मान दंडावर मागे टाकायची, वरून बारीक धार सोडायची. अख्खा गडवा रिकामा. "पोरीच्या हाताले गुण हाये," शेजारच्या प्रमिलाबाई सगळ्या गल्लीत सांगायच्या. प्रेरणालाही ते आवडायचं. आतापर्यंत.

कारण तिचा अकरावीला वर्ध्याच्या कॉलेजात नंबर लागला होता. प्रवेशाला सोमवार शेवटचा दिवस. आणि बाबा म्हणाले होते, "तू गेली तं आबाजीले पाणी कोण पाजंन?" आठ दिवस ती घरात नुसती येरझारा घालत होती. आबाजींचा घसा चांगला आहे, कोणीही पाणी पाजू शकतं, एवढं या मॅडमनं कागदावर लिहून दिलं की झालं.

तिनं घराकडं सायकल अशी हाणली की चेन उतरली. उरलेलं अंतर ती पळाली.

बाबांनी, म्हणजे हेमराजनं, घरापुढचं दुकान आईवर सोडलं आणि आबाजींना मोटरसायकलवर स्वतःच्या आणि प्रेरणाच्या मधे बसवून आणलं. आबाजींना तीनदा ताप येऊन गेला होता, म्हणून बाबा तयार झाले. पण नळी पाहून अडले.

"नाकात नाई घालाचं. तसं काई करू नका, मॅडम."

ज्योत्स्नाबाईंनी ती नळी स्वतःच्याच नाकात सरकवली आणि एक बिस्कीट खाल्लं. पडद्यावर गुलाबी घसा हलला. आबाजींच्या वाकड्या ओठातून हसू फुटलं. त्यांनी चांगल्या हातानं खुर्चीवर थाप मारली.

"करा तुमचं," बाबा म्हणाले, "मले नाई पाहावत." ते बाहेर गाडीजवळ जाऊन उभे राहिले.

बाईंनी दुसरी, स्वच्छ नळी काढून आबाजींच्या नाकात सरकवली. दही नीट गेलं. भातही गेला. प्रेरणाचे पाय जमिनीवर ठरत नव्हते.

"आता पाणी. घरी पाजतेस तसंच पाज. एकच घोट."

तिनं आबाजींची मान दंडावर घेतली. धार सोडली. एक घोट. ठसका नाही, काही नाही.

"पाहा," ती म्हणाली, "माह्या हातानं लागतच नाई."

बाईंनी पडद्यावर बोट ठेवलं. हिरवं पाणी अन्नाच्या वाटेनं गेलंच नव्हतं. ते पुढच्या वाटेनं, श्वासाच्या नळीत उतरत होतं. आबाजी शांत बसले होते.

"लकव्यानं घसाही अर्धा बधिर होतो," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "त्यात मान मागे गेली की श्वासाचं दार उघडंच राहतं. बारीक धार सरळ आत जाते आणि त्यांना कळतही नाही. फुप्फुसात पाणी गेलं की ताप येतो. तो कधी कधी आला?"

प्रेरणानं सांगितलं. एप्रिल, मे, जून.

"तू सांगितलंस ना, आईच्या चमच्यानं ठसका लागायचा? मग आई काय करायची?"

"थांबाची."

"आणि तू?"

प्रेरणानं दंडावरची आबाजींची मान सरळ केली.

बाईंनी आबाजींना खोकायला लावलं, दम खाऊ दिला. मग पाण्यात पावडर ढवळून ते पातळ कढीएवढं दाट केलं. आबाजींची हनुवटी छातीकडं झुकवली आणि एक चमचा दिला. हिरवी रेघ बरोबर मागच्या वाटेनं गेली. दुसरा चमचा. तिसरा.

"झालं. असं कोणीही पाजू शकतं," बाई म्हणाल्या.

हेच वाक्य ऐकायला तिनं सायकल हाणली होती. आता ते ऐकताना ती आबाजींची ओली हनुवटी ओढणीनं पुसत राहिली.

"घरी मी सांगू का?" बाईंनी कागद लिहिता लिहिता विचारलं.

प्रेरणानं मान हलवली. नको.

घरी आबाजींना खाटेवर टेकवून बसवलं. दुकानाचं शटर अर्धं ओढून आईही आत आली. बाबांनी कागद उलटसुलट करून पाहिला. "काय म्हणे मॅडम?"

दोन्ही हात ओढणीत गुंडाळून प्रेरणा दारात उभी होती.

"आई, बाबा, सोमवारी मी वर्ध्याले चालली. तवर आबाजीले पाणी पाजाचं तुम्ही दोघं शिकून घ्या, अन् मी पाजत होती तसं तं कधीच पाजू नका."