कच्ची डबी

“नाही, ही अजून कच्ची आहे.” कुझुहारांनी काळी डबी रुमालाने पुसून काउंटरवर ठेवली. “महिनाभर वाजू द्या. आवाज मोकळा झाला की मग ठरवा.”

मिनेगिशीबाईंनी कानांवरचा जाडजूड हेडफोन उतरवला. “मागच्या शनिवारी त्या निळीबद्दलही हेच म्हणालात, कुझुहारासान. या दुकानात पिकलेलं काही ठेवतच नाहीत का?”

“घाईघाईने घ्यायची वस्तू नाही ही.”

“माझ्या वयात घाई नाही करायची तर कधी करायची?” बाई हसल्या, आणि कुझुहारांचा शनिवार कारणी लागला.

अकिहाबारा या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या बाजारातल्या त्या अरुंद इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर नुसत्या अशा डब्याच मिळायच्या. मोबाइलला जोडायची, दुसऱ्या टोकाला हेडफोन लावायचा, की आवाजाला जोर येतो आणि तो स्वच्छही होतो. गिऱ्हाइकाने आपला हेडफोन आणि आपलं गाणं घेऊन यायचं, स्टुलावर बसून हवं तितकं ऐकायचं, डबी पुसून परत करायची. घेतलीच पाहिजे असं कोणी म्हणत नसे. बोलतही नसे, कारण सगळ्यांचेच कान बंद. नवी डबी शंभर तास वाजत ठेवल्याशिवाय तिचा खरा आवाज लागत नाही, यावर मात्र तिथल्या प्रत्येकाची श्रद्धा होती. त्यावर वाद घालायला गेलात तर तेवढ्यापुरते सगळे हेडफोन काढतील.

कुझुहारा बस डेपोच्या कचेरीतून निवृत्त झालेले. लग्न केलं नव्हतं. आठवडाभरात त्यांच्या तोंडून निघायचं ते एकच वाक्य, कोपऱ्यावरच्या दुकानात भाताचा डबा घेताना: “पिशवी नको.” शनिवारी ते दाढी करून इथे येत. कितीतरी वर्षं आले आणि तसेच परत गेले. मग मागच्या हिवाळ्यात शेजारच्या स्टुलावर ही बाई येऊन बसली आणि म्हणाली, “माफ करा हं, मला यातलं काही कळत नाही. यातली कुठली घ्यावी?”

बाई गाणी ऐकत नसत. त्यांच्या मोबाइलमध्ये राकुगोचं एक जुनं रेकॉर्डिंग होतं. गादीवर बसलेला एकटा कथेकरी, आणि त्याच्या गोष्टीला खदखदून हसणारं थिएटर. “मला गोष्ट पाठ आहे,” त्या म्हणाल्या होत्या, “मला ती हसणारी माणसं नीट ऐकू यायला हवीत.”

कुझुहारांनी बाईंचाच हेडफोन लावून पाहिला होता. त्या अवजड हेडफोनला बहुतेक डब्या पुऱ्या पडत नव्हत्या. चंदेरी डबी जोडली, आणि माणसं डाव्या-उजव्या हाताला येऊन बसल्यासारखी हसू लागली. कोणीतरी अगदी खांद्याजवळ खोकलं. हीच ती, यात शंकाच नव्हती. पण हो म्हटलं असतं तर बाई ती घेऊन गेल्या असत्या आणि पुन्हा कशाला आल्या असत्या? तेव्हा कुझुहारा पहिल्यांदा म्हणाले होते, “अजून कच्ची आहे.” त्यानंतर त्यांनी दुकानातली एकही डबी पिकू दिली नाही. खोटं बोलतोय हे त्यांना कळत होतं. शुक्रवारी ते मनाला लागायचं आणि शनिवारी विसरायला व्हायचं.

आज बाईंनी डबी परत केल्यावर दुसरी मागितली नाही. त्या गुडघा चोळत बसल्या.

“कुझुहारासान, खरं सांगू? आज जिना चढताना दोनदा थांबले. डॉक्टर म्हणतात, जिने बंद करा. इथे लिफ्ट नाही. तेव्हा काय ते आजच ठरवून टाकू या.”

आपल्या चार शब्दांसाठी आपण या बाईला दुखऱ्या गुडघ्याने तीन मजले चढायला लावत होतो, हे कुझुहारांना पहिल्यांदाच स्वच्छ दिसलं. त्यांना स्वतःची लाज वाटली. तरीही जिभेवर आलं ते तेच, की अजून एक शनिवार थांबा. त्यांनी ते गिळलं. उठून कपाटापाशी गेले, दुकानातल्या मुलीकडून चंदेरी डबी मागून घेतली आणि बाईंच्या समोर ठेवली.

“ही घ्या,” ते म्हणाले. “हिला कुठे वाजत ठेवायची गरज नाही. पहिल्याच दिवशी मला कळलं होतं, तुमच्यासाठी हीच. मी बोललो नाही. माझी चूक झाली.”

त्यांनी मान खाली घालून माफी मागितली आणि तशीच खाली ठेवली. बाई आता काय म्हणतील ते ऐकायला लागू नये म्हणून ते स्वतःचा हेडफोन पिशवीत भरू लागले. पुढच्या शनिवारी दाढी करायची गरज नव्हती.

बाईंनी चंदेरी डबी हातात घेतली नाही. त्यांनी मांडीवरची पर्स उघडली, तळाशी हात घातला आणि काहीतरी काढून काउंटरवर तिच्या शेजारी ठेवलं. तशीच चंदेरी डबी. कोपऱ्यांवरचा रंग पार उडालेला, पाठीवर ओरखडे, वापरून वापरून बटण गुळगुळीत झालेलं.

“तुमची ओळख होण्याच्या कितीतरी आधी घेतलीय,” त्या म्हणाल्या.



बाई काउंटरला धरून सावकाश उठल्या. “खाली रस्त्याला लागूनच चहाचं दुकान आहे. मला जिना नको झालाय, कुझुहारासान. शनिवार नाही.”