उलटा प्रश्न

“तुमचं पूर्ण वय किती?” मुलीनं विचारलं.

“मला अहोजाहो कधीपासून करायला लागलीस?” आईनं मटाराची शेंग मोडली.

“मी परकी बाई आहे असं समज, आई. परदेशात म्हाताऱ्या बायकांच्या दारात मी अशीच परकी जाऊन उभी राहणार आहे. दहा जणींवर हे प्रश्न तपासून पाचच्या आत आराखडा पाठवायचाय, नाहीतर काम दुसऱ्याला जाईल. नऊ झाल्या. दहाव्या खालच्या काकू, त्या ऐन वेळी दात काढायला गेल्या.”

“म्हणजे मी काकूंच्या बदली. विचार. आमच्या लहानपणी लस टोचणारी बाई आली की आम्ही धान्याच्या कोठीत लपायचो. आता कोठीही नाही आणि मला वाकताही येत नाही.”

वाकता येत नाही, हे उगाच बोलले, असं आईला वाटलं. ती ताठ बसली. या दोन वर्षांच्या कामासाठी मुलीनं सहा वर्षं कचेऱ्यांचे उंबरे झिजवले होते. आईच्या छातीचा भाता अलीकडे कसा चालतो हे कळलं, तर ही पोरगी भरलेली बॅग उपसून ठेवायला कमी करणार नाही. तेव्हा सगळं ठणठणीत सांगायचं.

“जिना चढताना धाप लागते?”

“छे.”

“पाय सुजतात?”

“नाही बाई.” आईनं पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

“झोपताना उशा किती?”

“एक. तीही सवय म्हणून.”

मुलगी भराभर खुणा करत गेली. मग पाण्याचे प्रश्न आले, चुलीच्या धुराचे आले, घरात माणसं किती ते आलं. आईची भीड चेपली. परीक्षा सोपी होती.

“भाजी कोण आणतं?”

“मीच. दुसरं कोण आणणार?”

“बाजारातून येताना वाटेत कुठे कुठे थांबता?”

हा प्रश्न आईला फार आवडला. “औषधाच्या दुकानाच्या पायरीवर जरा टेकते. मग शिंपीणबाईकडे, ती बिचारी खुर्चीच पुढे करते. मग आपल्या जिन्याच्या पहिल्या वळणावर. दुसऱ्या वळणावरचा कठडा छान गार असतो, तिथे डोकं टेकून उभी राहते.”

“किती वेळ?”

“श्वास खाली बसेपर्यंत.”

मुलीनं टेबलावर थाप मारली. शेंगा उडाल्या. “चालला! अगं, उलटा प्रश्न चालला. धाप लागते का विचारलं की बायका नाही म्हणतात, म्हणून मी हा मुद्दाम मागाहून घातला. आमचे सर म्हणत होते, काढून टाक, यात कोणी अडकत नाही. नऊ जणींत एकही अडकली नव्हती. तू पहिली...”

हातातलं पेन तिनं हळूच खाली ठेवलं.

“कधीपासून?”

“हे कागदावर आहे?”

“नाही.”

“मग परक्या बाईनं आगाऊपणा करू नये. घड्याळ बघ आणि पुढचं विचार.”

मुलीनं चष्मा पुसला, पान उलटलं, पेन उचललं. परक्या बाईचा आवाज काढायला गेली, पण निघाला तो घरचाच.

“आजारपणात तुमच्याजवळ कोण असतं?”

आईनं तोंड उघडलं आणि मिटलं. एकदा दुधानं पोळली होती, आता ताकही फुंकून पिणार होती.

“याचाही उलटा प्रश्न पुढे आहे का गं?”

“आहे. एकेचाळिसावा.”

“मग हा कोराच ठेव.”