बन्सीलालचं नाक

"हुंगा बरं," म्हणत मंगलाबाईने मूठभर सुकी मेथी नवऱ्याच्या नाकाखाली धरली.

बन्सीलालने डोळे मिटले. नेहमीसारखा लांब श्वास ओढला. काहीच नाही. मेथी काय नि लाकडाचा भुसा काय, त्याला आता सगळं सारखंच होतं.

एरवी तो 'झकास' म्हणून मोकळा झाला असता. सुरतेत पांडेसऱ्याच्या त्या गल्लीत बन्सीलालच्या नाकाला मान होता. कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलमध्ये ते सुकवायच्या मशीनवर त्याचा जन्म गेला. मशीनवरचा उष्णतेचा काटा हलायच्या आधी त्याला करपल्याचा वास यायचा. मिल सुटली तरी मान सुटला नाही. गल्लीतल्या बायका मिरच्या, मेथी, सुकवलेली गवार डब्यात भरण्याआधी त्याच्यापुढे आणत. आत कुठे ओल राहिली असेल तर त्याला ती वासावरून कळे. बन्सीदादाने हुंगल्याशिवाय डब्याचं झाकण लावायचं नाही, अशी रीतच पडून गेली होती.

दिवाळीच्या आधी ताप आला. नवराबायको दोघंही अंथरुणाला खिळली. ताप उतरला, पण जाताना बन्सीलालचं नाक घेऊन गेला.

त्याने कोणाला सांगितलं नाही. सांगणार तरी काय? गुडघे गेले, डोळ्यांवर जाड भिंगं आली, आता नाकही गेलं म्हटल्यावर माणसात शिल्लक काय राहिलं? बायका डबे आणत राहिल्या, तो डोळे मिटून 'झकास' म्हणत राहिला. आजवर कोणाचा डबा बुरसला नाही, ही देवाची कृपा.

खरी पंचाईत घरात होती. मंगलाबाईला संशय आला असावा. हल्ली ती ऊठसूट काहीतरी त्याच्या नाकाशी आणायची. "हाई दूध हुंगा." "वरण आंबनं का, देखा." बायको आपली परीक्षा घेते आहे, हे बन्सीलाल ओळखून होता. तो आणखी ताठ बसायचा आणि तोंडाला येईल ते ठोकून द्यायचा.

आज मात्र ठोकून देणं जिवावर आलं. मेथी सोनालीसाठी होती. लेकीचं दुसरं बाळंतपण, तेही सासरी, नंदुरबारला. बाळाला दूध पुरावं म्हणून आई हंगामातली शेवटची मेथी सुकवून पाठवत होती. पुतण्या योगेश दुपारच्या गाडीने निघणार होता. पिशवी न्यायला येतच असेल.

सुकवण्यात बन्सीलालने कसर ठेवली नव्हती. गच्चीवर मिलच्या धुराड्याची काजळी पडते, म्हणून त्याने खोलीतच खाट उलटी केली. चार पायांना जुनी मच्छरदाणी ताणून बांधली. खालूनही वारा लागायला हवा ना! तिच्यावर पानं विरळ पसरली, पंखा हळू ठेवला. खिडकीतून ऊन आलं की तो पडदा ओढायचा, कारण ऊन लागलं की मेथीचं गवत होतं. पानं एकमेकांना चिकटली की मध्ये ओल राहते, म्हणून दिवसभर हलक्या हाताने परतत बसायचा. रंग हिरवागार राहिला होता. चुरली की कुरकुरत होती. पण वरचं पान कुरकुरलं म्हणून आतल्याची खात्री नसते. ती खात्री नाकच देतं. एखादा ओला गोळा पिशवीत गेला असेल तर सगळी मेथी बुरसणार, आणि खाणार ती ओली बाळंतीण.

"सांगा ना," मंगलाबाई म्हणाली. "योगेश येस आते."

'झकास' ओठांपर्यंत आलं आणि तिथेच अडलं.

"मंगल," तो म्हणाला, "माले वास येत नही. दिवाळीपासून."

मंगलाबाईने मेथीची मूठ खाली घेतली. तोंड उघडल्यावर मग बन्सीलालला थांबवेना.

"तुले तं ठाऊकच शे. रोज मनी परीक्षा ली राह्यनी तू. दूध काय, वरण काय, बठ्ठं मना नाकले लावस."

"परीक्षा?" मंगलाबाई मटकन खाली बसली. "अहो, माले बी कोठे वास येस! मना बी त्याच तापमा गया. तुमना नाकवर तं हाई घर चाली राह्यनं!"

म्हणजे इतके महिने ती बिचारी त्याला विचारून वरण वाढत होती, आणि तो अंदाजपंचे सांगत होता. दोघांनी काय काय खाल्लं असेल, देव जाणे. आधी मंगलाबाईला हसू फुटलं, मग त्याला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत दोघं हसली. बन्सीलालला फार हलकं वाटलं. घरात आता ज्याच्यापासून लपवायचं असं कोणी उरलंच नव्हतं.

"अन् मेथी?" डोळे पुसता पुसता मंगलाबाईला आठवलं. दोघांचं हसू तिथेच विरलं.

बन्सीलाल उठला. दार उघडून त्याने शेजारच्या इंदुबाईला हाक मारली. मान जायचा तर जावो.

"इंदुबाई, जरा हाई मेथी हुंगी देखा. मना नाकना आते भरोसा नही. ओल तं नही राह्यनी ना?"

इंदुबाईने पिशवीत तळापर्यंत हात घातला. एक मूठ हुंगली, मधली आणखी एक हुंगली, आणि दोघांकडे आळीपाळीने पाहिलं.

"ओल कसानी, दादा? कालपासून बठ्ठी गल्ली तुमनी मेथीना वासवर कोरडी भाकर खाई राह्यनी, अन् तुम्ही दोन्ही माले इचारतस!"