दोघांचा टॅब

चैतरामने टॅब खाटेवर ठेवला, त्याला दोन वायरींचे दोन रिमोट जोडले आणि मुलीला समोर बसवलं. खेळून पाहा, म्हणाला.

तीस वर्षं तो बालाघाटात टीव्हीला जोडायचे गेम बनवत होता. घरामागच्या शेडमध्ये डबे तयार व्हायचे, लालबर्रा-किरनापूरच्या बाजारात विकले जायचे. मोबाईल आले आणि खप आटला. आता मागणी यायची ती लामत्याच्या पलीकडच्या गावांतून, जिथे नेट धड पोचत नाही. म्हणून त्याने हा नमुना बनवला होता. बाजारात टॅब ढिगाने आहेत, पण सगळे एकट्याने बघायचे. गेमवाल्याने टॅब करायचा तर तो दोघांनी खेळायचाच हवा, असं त्याचं म्हणणं.

पौर्णिमा नागपूरच्या कॉलेजात शिकवायची, सुटीला घरी आली होती. टॅब पाटासारखा जड होता. इवल्याशा पडद्यावर दोघांना दिसावं म्हणून बापलेक इतके जवळ सरकले की डोकी आपटली. पाचव्या मिनिटाला टॅब तापला. चैतराम हसत होता.

"सांग बाई, चालन का बाजारात?"

चालणार नाही, हे तिला दिसत होतं. पण बाबांना असं हसताना तिने कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

"छान आहे, बाबा," ती म्हणाली.

संध्याकाळी त्याने नागपूरच्या साचेवाल्याला फोन केला. गेमच्या डब्याचे जुने साचे न्यायचे आणि त्याच लोखंडात टॅबचा साचा कोरायचा, असं ठरलं. एकदा कोरले की जुना डबा पुन्हा निघणार नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी चैतराम दात घासता घासता अंगणात खाली बसला. तो उठला नाही.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी साचेवाल्याचा टेम्पो दारात उभा राहिला. पहिल्या डब्यापासून सोबत असलेला कारागीर महागू एकेक साचा उचलून नेऊ लागला. एकेका साच्याला त्याला वाटेत दोनदा टेकावं लागत होतं. ड्रायव्हरने मदत करतो म्हटलं तर त्याने नको म्हटलं.

पौर्णिमाची आई, अंजनाबाई, ओट्यावरून बघत होती. त्याईचा शेवटचा शब्द आहे, ती ड्रायव्हरला सांगत होती, पोरीनंही पसंत केलं होतं.

पौर्णिमाने ते ऐकलं. बोललं तर सगळ्यांना कळणार होतं की ती बापाशी खोटं बोलली आणि तेच खोटं घेऊन तो गेला. नाही बोललं तर वर्षभरात शेडला कुलूप लागणार होतं. महागूने शेवटचा साचा उचलला. तिने त्यावर हात ठेवला.

"काका, खाली ठेवा."

महागूने साचा ठेवला. तो तिच्याकडे बघत राहिला.

"तुले कोनं सांगतलं?"

"काय?"

महागूने गमछ्याने तोंड पुसलं. अंजनाबाईकडे बघायचं त्याने टाळलं.

"चैतरामभाऊ त मले त्याच सांजेले म्हने, महागू, हा टॅब काही आपल्याले जमला नाही. पन पोरीनं हौसेनं छान म्हटलं, आता तिचं मन कायले मोडू? मले म्हने, सांगू नोको तिले."

मग अंजनाबाई ओट्यावर खाली बसली. ते यंत्र पाहूनच आपलं डोकं दुखायचं, असं ती कोणालाच न उद्देशून म्हणाली. तिने ड्रायव्हरला विचारलं, चहा आधी घेतोस की साचे आधी उतरवतोस. महागू तोवर टेम्पोत चढला होता. साचे परत शेडमध्ये नेताना आता त्याला कुठेच टेकावं लागत नव्हतं.

पौर्णिमाला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरले. ती घरात गेली. बाबांच्या फोटोसमोर उभी राहिली आणि शेडपर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली,

"बाबा, मलेबी नोता आवडला."