एक तोंड कमी

प्रभूच्या मेजावरून बाळाबाईला तुम्ही परत पाठवलंत, पाळकसाहेब. तिनं ओंजळ पुढं केली होती, आणि तुम्ही भाकर मागं घेतलीत. का, तर तिची मागण्यांची चिठ्ठी कोरी होती. "जी काहीच मागत नाही, तिचा देवावर विश्वासच नाही," असं माईकवर बोललात. बंगला लिहिणारे पुढं गेले, हायवेला प्लॉट लिहिणारे पुढं गेले. ती पदर सावरत मागं आली. "पुढच्या रविवारी भरून आणा," म्हणालात.

मग शनिवारी काय झालं ते ऐका.

दिवस कलला होता. खोडदच्या एका कांदा काढलेल्या रानात यमाजी आणि बाळाबाई रात्रीपुरती मेंढरं बसवायला आले होते. रानाला खत, नवराबायकोला पायलीभर बाजरी. मागं रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या आभाळाकडं तोंड करून उभ्या. यमाजीनं तुमची चिठ्ठी मांडीवर ठेवली. 'मला देवाकडून हवे आहे' असं छापलेलं, आणि खाली पाच रेघा.

"सांग, काय लिवू? बंगला लिवू?"

"न् मेंढरं कुठं बसवू, गच्चीवर?"

यमाजी हसला, पण पेन काही खाली ठेवलं नाही. "मग छोटा हत्ती टेंपो लिवतो. मेंढरं भरायची न् निघायचं. माजं गुडघं आता चालत न्हाईत गं."

बाळाबाईनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "ते मी रोज सांगते देवाला. कागुद कशाला पायजे?"

"अगं, शंबर मेंढरं तरी लिवू दे. रेघा मोकळ्या ठेवल्या तर उद्या बी भाकर न्हाई गावायची तुला."

अकरा वर्षांत बाळाबाईनं रविवारची एकही भाकर चुकवली नव्हती. मेंढरं कुठल्याही रानात बसलेली असोत, रविवारी पहाटे उठून ती चालत यायची.

"भाकर पायजे," ती म्हणाली. "लई पायजे. पर खोटं लिवून घेऊ व्हय? शंबर तोंडं कोण ध्यानात ठेवील? मी सत्तावीस वळखते, सत्तावीस मला वळखत्यात. त्याच्यापुढं मला न्हाई झेपायचं."

यमाजीनं सुस्कारा सोडला, चिठ्ठी टोपीत खोचली आणि उठला. मेंढरं जाळीत घ्यायची वेळ झाली होती. तो जाळीच्या तोंडाशी उभा राहून एकेकीच्या पाठीवर काठी टेकवत मोजू लागला.

"सत्तावीस. भरली. लाव जाळी."

बाळाबाई जाळी हातात धरून तशीच उभी.

"ती कोण?"

"कोण म्हंजे? मेंढी."

"आपली न्हाई ती. दुपारी पाटावर हौशीरामची मेंढरं मिसळली व्हती, त्यातली हाय. न् आपली भुरी कुठं हाय?"

"अगं बये, आकडा बरोबर हाय की!"

"आकडा हाय. भुरी न्हाई."

यमाजीनं उसाकडं पाहिलं. उजेड उतरत होता. बिबट्याच्या ह्या मुलखात त्या वेळेला उसाकडं उगाच कोणी बघत नाही. "सकाळी बघू," तो म्हणेपर्यंत ती बांधावर पोचलीसुद्धा होती.

"भुरेऽ! ये गं, भुरे!"

पाटाच्या पलीकडून उत्तर आलं. आधी बारीक, मग जवळ. भुरी पळत आली आणि बाळाबाईच्या पोटात तोंड खुपसून उभी राहिली. मागून हौशीराम धापा टाकत आला.

"वयनी, माजी बी मोजून बरोबर भरली व्हती राव!"

"मोजत बसू नगं भावा, बघत जा जरा," बाळाबाई म्हणाली, आणि त्याची मेंढी त्याच्या हवाली केली.

मग दोघं जेवायला बसली. तिनं भाकरी मोडली, मोठा तुकडा यमाजीला दिला, डोळे मिटले. "देवा बापा, हाय त्याचं उपकार. भुरी घावली, त्याचं बी उपकार. ह्यांचं गुडघं तेवढं बघ. आमेन."

यमाजीनं घास खाली ठेवला. टोपीतून चिठ्ठी काढली आणि पाचही रेघांवर एकच ओळ मोठ्या अक्षरात लिहिली: हाय तेवढं पुरं हाय.

"बरं लिवलं," ती म्हणाली. तिला वाचता येत नाही, पण लिहिताना ती त्याच्या तोंडाकडं बघत होती.

रविवारी ती चालत आली, पाळकसाहेब. तुमच्या पत्र्याच्या हॉलच्या दारात वृषाली नावाची पोरगी चिठ्ठ्या तपासत होती. तिनं ती ओळ वाचली आणि खाली मान घालून म्हणाली, "मावशी, ही न्हाई चालायची. सर रागावतील." बाळाबाईनं तिच्या गालावरून हात फिरवला, दारातूनच हात जोडले आणि आल्या वाटेनं खोडदला गेली.

आत तुम्ही माईकवर होतात. आवाज बाहेर रस्त्यापर्यंत येत होता. "गेल्या रविवारी तीनशे. आज तीनशे. देवाचा कळप भरला आहे!" लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आकडा बरोबर होता, कोणी एक नवं आलं असेल. पण त्यात एक तोंड कमी होतं. कोणाचं होतं ते, पाळकसाहेब? चिठ्ठ्यांचा डबा बाजूला ठेवा, आणि सांगा.