लाल ठिपका

जुन्या दगडी रेल्वेपुलाचा आकाशातून फोटो काढायचं फोटोग्राफरसाहेबांनी मनावर घेतलं. बायकोला लाल शाल देऊन गाडीत बसवलं. "पूल आला की खिडकीतून हलव. करड्या कमानींवर तेवढाच लाल ठिपका, फोटोत जीव येईल!" स्वतः अलीकडच्या टेकडीवर बसले आणि ड्रोन नेला दरीच्या पलीकडे. का, तर म्हणे तिकडून उजेड झकास पडतो.

संध्याकाळी घरी फोटो मोठा करकरून त्यांनी गाडीचा डबा न् डबा धुंडाळला. लाल काही सापडेना. उलट मागच्या टेकडीवरचा एक चकचकीत गोटा डोळ्यांत खुपत होता. वैतागून तो पुसायला घेतला.

"शाल हलवलीस तरी का?"

"पूल संपेपर्यंत! हाकासुद्धा मारल्या," बायको मागे येऊन उभी राहिली. "आणि पुसताय काय? गोटा नाही तो, तुमचं टक्कल आहे. स्क्रीनमध्ये खुपसलेलं."

"अगं, पण ड्रोन दुसऱ्या बाजूला होता!"

"असेल. मी तुम्हाला हात करत होते."